आत्या बसल्याशिवाय गाडी सुटत नाही

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जी म्हणून वाहने वळणावर वळतात आणि सरळ रस्त्यावर सरळ जातात, ती सगळी आपल्याच कृपेने जातात, असा आमच्या आतोबांचा ठाम समज आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या, तिथे तीन-तीन शिफ्टमध्ये राबणारी माणसे, माझ्यासारखे इंजिनिअर, हे सगळे मिळून त्यांच्या मते गाडीचा फक्त सांगाडा पुरवतात. ती चालवण्याजोगी करण्याचे खरे काम तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होते, आणि त्या शेडचे मालक, कारागीर व तपासनीस हे तिन्ही मानाचे हुद्दे आतोबा एकटेच सांभाळतात. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कंपनीतल्या मित्रांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. माणूस समजावून सांगण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला आहे.

मी तालुक्याच्या गावातला. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, त्यामुळे ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा घरात आनंदापेक्षा घबराटच जास्त पसरली. राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. आत्याने फोनवरच तो निकालात काढला. "हॉस्टेल कशाला? आमचं घर काय ओस पडलंय?" चार वर्षे मी त्यांच्याकडे राहिलो. आत्याच्या हातचे जेवलो आणि आतोबांची व्याख्याने ऐकली. दोन बस बदलून कॉलेजात जायचे, तिथे मशीन डिझाइनचे सर एक सांगायचे, आणि संध्याकाळी आतोबा त्याच्या बरोबर उलट सांगायचे. परीक्षेत मी सरांचे लिहिले आणि पास झालो, ही गोष्ट आतोबांनी अजून मनाला लावून घेतली आहे.

आतोबा इंजिनाला हात लावत नाहीत, ब्रेक बघत नाहीत, पंक्चरवाल्याला तर ते माणसात धरत नाहीत. त्यांचा प्रांत एकच, स्टिअरिंग. तरुणपणी ते स्टिअरिंगचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेला, लोखंड कातायचा लेथ त्यांनी घरी आणला, त्याची पूजा केली, आणि त्या दिवसापासून वाहन उद्योगाशी वैर मांडले. नवा सुटा भाग विकत घेऊन बसवणे ही त्यांच्या दृष्टीने कारागिराची हार आहे. "कंपनीचा पार्ट म्हंजी लग्नातला फेटा," ते म्हणतात. "दिसायला झ्याक. पन त्यो बांधून कुनी रानात जातंय का?" मग ते स्वतः काय बनवतात? जे हाताला लागेल त्याचे, जे लागेल ते. स्टिअरिंगच्या दांड्याला आधार देणारा प्लॅस्टिकचा बुश त्यांनी आत्याच्या भाजी चिरायच्या पाटातून कातून काढला. जाड, पांढरा, अस्सल माल होता, असे ते नंतर कौतुकाने सांगत. आत्याला पाट कसला आहे ते ठाऊक नव्हते, तो नाही एवढेच ठाऊक होते.

"आवो, माझा पाट कुठाय?"

"मोशीला गेलाय."

"मोशीला? कुनाकडं?"

"कुनाकडं न्हाई. टेंपोत हाय. दिसातनं चार खेपा मारतोय. तुझ्याकडं आसता तर नुसता कांदं बघत बसला आसता."

तीच गत गुडघा शेकायच्या रबरी पिशवीची. सांध्यांत धूळ जाऊ नये म्हणून बसवायच्या टोप्या त्या पिशवीतून निघाल्या आणि दोन रिक्षांना लागल्या. थंडीत आत्याचा गुडघा दुखायला लागला की ती विचारायची, "आता त्या रिक्षांमधी जाऊन बसू का मी?" आतोबांना यातला टोमणा कधीच कळला नाही. ते गंभीरपणे सांगत, "एकच भेटंल. दुसरी निगडीला आसती."

पण त्यांचे सगळ्यात लाडके काम म्हणजे रबर कपलिंग. जुन्या व्हॅनमध्ये स्टिअरिंगचा दांडा आणि खालचा गिअर यांच्यामध्ये एक जाड रबरी चकती असते. ती दोघांना जोडते आणि रस्त्याचे हादरे हातापर्यंत येऊ देत नाही. ही चकती आतोबा कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्यातून कापत. ज्या पट्ट्यावरून पंधरा वर्षे लोखंडाचे तुकडे वाहून गेले, त्याला एक स्टिअरिंग काय जड आहे, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. चार भोके, चार बोल्ट, आणि त्यातले दोन बोल्ट मुद्दाम लांब. "रबर गेलं तर ह्ये दोन पकडत्यात," ते म्हणायचे. कॉलेजात ह्याच गोष्टीवर आम्हाला एक अख्खे प्रकरण होते, त्याला चार आकृत्या आणि एक मोठे इंग्रजी नाव होते. मी ते आतोबांना सांगितले. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात आलं का? चला, पोचलं म्हनायचं."

आतोबांना ओळख करून घेण्याची एकच पद्धत माहीत आहे. लोक नमस्कार करतात, हे गाडीच्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवतात. स्टिअरिंग फिरवूनही चाक जागचे हलत नाही, अशी जी मोकळी जागा असते, तिला गॅरेजमध्ये प्ले म्हणतात. आतोबा ती बोटांनी मोजतात. एक बोट चालते, दोन बोटे म्हणजे आजार, तीन म्हणजे गाडी जागेवर उभी करायची. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरात निघायच्या बेतात होती, नवरदेव फुलांनी मढवलेल्या गाडीत बसला होता, बँडवाल्यांनी तोंडाला पिपाण्या लावल्या होत्या, आणि आतोबांनी अक्षता टाकल्यासारखा सहज हात आत घातला. "नवरदेव, दोन बोटं प्ले हाय. खाली उतरा." पांढऱ्या शुभ्र नेहरू शर्टात आतोबा गाडीखाली गेले. बँडवाल्यांनी तेवढ्या वेळात तीन गाणी वाजवली. नवरीच्या मामांनी विचारले, हे कोण? मी वऱ्हाडातून मागे सरकलो आणि पाणी प्यायला गेलो.

आता मुख्य गोष्ट. आतोबांच्या शेडमधून कुठलीही गाडी आत्या बसल्याशिवाय सुटत नाही. काम झाले, नट आवळले, हात पुसले की आतोबा घराच्या दिशेने हाक मारणार, "अगं ए, चल." आत्या गॅस बारीक करून, पदर खोचून, पिशवी घेऊन बाहेर येणार आणि पुढच्या सीटवर बसणार. मग चक्कर. चौकापर्यंत, तिथून वळसा, खड्ड्यांच्या रस्त्याने मागे, वाटेत भाजी. टेंपो असो, रिक्षा असो, पाण्याचा टँकर असो. लग्नानंतर आत्याला नवऱ्याने कुठे कुठे फिरवले, हे तिला विचारले तर ती ठिकाणे सांगत नाही, गाड्या सांगते. टँकरमधून उतरताना तिला शिडी लागायची. एकदा ती शववाहिनीतूनही कोथिंबीर घेऊन आली होती. भाजीवाला त्यानंतर आठवडाभर तिच्याशी फार अदबीने बोलत होता.

मी दुसऱ्या वर्षाला होतो, नवे नवे शिकलो होतो, म्हणून आतोबांना शास्त्रशुद्ध सल्ला दिला. चाचणीसाठी ठराविक वजन लागते, माणूस कशाला? आत्याच्या वजनाचे वाळूचे पोते ठेवा. आतोबांनी माझ्याकडे दयेने बघितले.

"पोतं ठिवलं की हात चुकार होतो, इंजिनेर. नट आवळतानाच हाताला म्हाईत पायजे, ह्याच्यावर कोन बसनार हाय."

हे उत्तर सरांच्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हते, म्हणून मी ते सोडून दिले.

दुसरा नियम कॅलेंडरचा. घरी बनवलेला प्रत्येक भाग कधी काढायचा, ती तारीख आतोबा बसवतानाच ठरवत आणि कॅलेंडरवर गाडीच्या नंबरासकट लिहीत. आमच्या कॅलेंडरवर चतुर्थी आणि एकादशी शोधायला भिंग लागायचे. तारीख उलटली आणि गाडी आली नाही, की आतोबा त्या माणसाच्या मागे लागत. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लावलेल्या गिऱ्हाइकाला फोन करून "तुजं कपलिंग सोमवारी मेलं, तू अजून कसा फिरतोस?" असे विचारणारा दुसरा मिस्त्री या पट्ट्यात मला तरी भेटला नाही. काढलेला भाग ते छिन्नीने दोन तुकडे करून टाकत. कुणी उचलून पुन्हा बसवू नये म्हणून. आणि बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी सांधा, तो मात्र त्यांनी कधीच बनवला नाही. त्यासाठी ते कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जात. तिथले चाचा त्यांना लांबून बघूनच म्हणत, "या भाऊ, वर्षातून दोनदा ईद, एकदा तुम्ही."

पदवीदान समारंभाच्या दिवशी आई-वडील गावाहून आले. आत्या नवे लुगडे नेसून आमच्याबरोबर सकाळीच निघाली. आतोबा म्हणाले, "एक व्हॅन हाय, शाळेच्या पोरांची. ती दिऊन आलोच." हे आलोच मी चार वर्षे ऐकलेले होते, त्यामुळे मी वडिलांशेजारची त्यांची खुर्ची मनातल्या मनात रिकामी करून टाकली. पण माझे नाव पुकारायच्या जरा आधी सभागृहाचे दार उघडले आणि आतोबा आत आले. धावत आल्यासारखे. ते आल्यापासून प्रत्येक मुलाला इतक्या जोरात टाळ्या वाजवत होते की पुढच्या रांगेतल्या एका बाईंना वाटले, त्यांना दहा-बारा मुले असावीत. नंतर बाहेर त्यांनी मला जवळ घेतले. भाड्याच्या काळ्या गाऊनची निळी पट्टी माझ्या खांद्यावर होती, तिच्यावर ग्रीसचे चार बोटांचे ठसे उमटले. गाऊन परत घेणाऱ्या मॅडमनी ते बघून नाक मुरडले. मला त्या वेळी फार लाज वाटली होती. तेवढ्यात पार्किंगमधून आरडाओरडा ऐकू आला. प्रमुख पाहुण्यांच्या गाडीच्या खिडकीत आतोबांचा हात होता.

मला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली, तीही नेमकी स्टिअरिंगच्या भागांच्या चाचणी विभागात. काम असे की एका मशीनवर नवा भाग लावायचा, मशीन तो डावीकडे-उजवीकडे लाखो वेळा पिळते, आणि आपण काचेआड उभे राहून त्याचे मरण नोंदवायचे. वर्षभराने मला सुचू नये ते सुचले. आतोबांची कन्व्हेयर पट्ट्याची एक चकती मी घरून नेली, साहेबांची परवानगी काढली आणि रिकाम्या मशीनवर चढवली. कंपनीच्या चकतीच्या एक पंचमांश फेऱ्यांतच ती एका भोकापासून फाटली. रविवारी जेवताना मी ही बातमी दिली. खोटे कशाला बोलू, मी ती आनंदाने दिली. चार वर्षांच्या व्याख्यानांचा हिशेब मला एका घासात चुकता करायचा होता.

आतोबा भांडले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "किती दिवस चालली आसती, गाडीवर?"

मी ढोबळ अंदाजाने सांगितले. आठ महिने, फार तर दहा. त्यांनी भात अर्धा टाकला, उठले, आणि मागच्या वर्षीचे कॅलेंडर काढून बसले.

त्या दिवसापासून आतोबा बिघडले. दुपारी शेड बंद करून स्कूटरवरून कुठेतरी जायचे, संध्याकाळी धुळीने माखून यायचे. विचारले तर म्हणायचे, "काम हाय." आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरा, ह्यांना काय झालंय बघ. तीन आठवडं झालं, मला एकदाबी हाक मारली न्हाई."

मग एक दिवस दुपारी मला कंपनीत फोन आला. रहाटणीतल्या एका शाळेचा वॉचमन बोलत होता.

"सर, इथं एक काका पकडलेत. शाळेच्या प्रत्येक व्हॅनमध्ये हात घालत होते. तुमचा नंबर दिलाय त्यांनी. कोण लागतात तुमचे?"

"आतोबा."

"म्हणजे?"

"आत्याचे मिस्टर."

"मग असं सरळ बोला ना राव. या घेऊन जायला. मुलं सुटायचा टाइम झालाय, पालक घाबरतात."

मी हाफ डे टाकून गेलो. गेटजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आतोबा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे बसले होते. वॉचमनने मला चांगले सुनावले. माझ्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र होते म्हणून, नाहीतर दोन खुर्च्या लागल्या असत्या. बाहेर आल्यावर मी रागानेच विचारले, "आतोबा, हे काय चाललंय तुमचं?"

ते स्कूटरच्या हँडलकडे बघत बोलले. "येक व्हॅन परत आली न्हाई. दिवाळीपातूर तारीख दिलती. मालकानं मधीच विकली आन् गावाला गेला, फोन बंद. म्हटलं, घेनाऱ्यानं बदललं आसंल. आपलं मन आपल्याला पायजे तसंच सांगतंय बघ. आन् मग तू ते मशीनचं सांगितलंस."

"एवढ्या गाड्या सोडल्या तुम्ही. बोल्ट आहेत ना लांब?"

"हायेत. पन त्या गाडीला चक्कर न्हाई मारली."

"का?"

"तुझी आत्या त्या दिशी घरी कुठं हुती? तुझ्या हालमधी बसलीवती. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, आता चक्कर मारत बसलो तर पोराचं नाव पुकारून हुईल. तशीच दिली गाडी. जल्मात येकदाच." मग हँडलवरची धूळ पुसत ते म्हणाले, "नट बी घाईनंच आवळलं आसतील."

शाळा सुटली. मुले रांगेने पांढऱ्या व्हॅनमध्ये चढत होती, एकमेकांची दप्तरे ओढत होती. माझ्या खांद्यावरचे ते चार ठसे मला तेव्हा आठवले, आणि या वेळी लाज वाटली ती वेगळ्या गोष्टीची.

त्यानंतर पाच दिवस मी रोज हाफ डे टाकला आणि आम्ही दोघे शोधत होतो. काळेवाडी झाली, पिंपळे सौदागर झाले, चाकणच्या शाळाही झाल्या. आता हात घालायचे काम आतोबांचे आणि माफी मागायचे काम माझे, अशी वाटणी होती. पदवीचा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता. सहाव्या दिवशी शेडकडे परतताना मला साधी गोष्ट सुचली. जुनी व्हॅन म्हणजे आज ना उद्या काहीतरी मोडणार, आणि मोडले की माणूस स्पेअर पार्टच्या दुकानात येणार. चाचांना नंबर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, ही तर लातूरवाल्या ताईंची गाडी. परवा हॉर्न घेऊन गेल्या. सकाळी पोरं सोडतात, दुपारी इथंच आयटी पार्कात डबे देतात. भाऊ, तुमच्याच शेडवरून जाते की रोज!"

आतोबा दुकानाच्या पायरीवर बसले. अख्खे शहर पालथे घातले होते, आणि व्हॅन रोज बाराच्या सुमारास त्यांच्या दारावरून हॉर्न वाजवत जात होती. तेव्हा ते शाळा शोधायला बाहेर पडलेले असत, आणि त्याआधीच्या दिवसांत कुठल्यातरी गाडीखाली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली. आयटी पार्कच्या गेटशी व्हॅन उभी होती, डबे पोचवून झाले होते, ताई हिशेबाची वही बंद करून पाणी पीत होत्या. आतोबांनी नमस्कार केला नाही. सवयीप्रमाणे खिडकीतून हात घातला.

"ओ काका! गाडीत हात कशाला घालायलाव?"

आतोबांनी स्टिअरिंग पुन्हा एकदा हलवले. "चार बोटं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग ताईंना, "ताई, किल्ली द्या."

"किल्ली कशाला दिऊ? कोण तुमी?"

"ह्याच्यातला येक पार्ट म्या बनवलाय."

"मग नीट बनवायचा की! वळताना नुसती खडखड करायलीय. पोरं भेतात म्हणून मी वळण आलं की गाणी मोठ्यानं लावते."

मशीनच्या काचेआड उभे राहून मी शेकडो भाग फाटताना बघितले होते, पण त्यांतल्या एकावरही कुणी गाणी लावली नव्हती. गाडी तिथून हलवायची नाही असे ठरले. आतोबांनी रस्त्यावरच पोते अंथरले आणि खाली गेले. बऱ्याच वेळाने त्यांचा हात बाहेर आला, त्यात चकती होती. दोन भोके पूर्ण फाटलेली, तिसरे अर्धे. व्हॅन नुसत्या त्या दोन लांब बोल्टांवर फिरत होती, किती दिवसांपासून देव जाणे. मला बरे वाटले. मी म्हणालो, "आतोबा, बघा, बोल्टांनी धरलं की."

"बोल्टांनी धरलं," ते म्हणाले. "मी न्हाई धरलं."

मग ते उठले आणि चाचांच्या दुकानापर्यंत चालत गेले. मी मागोमाग.

"येक रबर कपलिंग द्या. कंपनीचं."

चाचांनी हातातला बॉक्स खाली ठेवला. "कुणासाठी भाऊ?"

"माझ्यासाठी."

"तब्येत बरी आहे ना?"

आतोबांनी घासाघीस केली नाही. चाचांनी ते बघून माझ्याकडे अशा नजरेने बघितले की, घरी काही वाईट घडले असेल तर सांग बाबा.

नवे कपलिंग बसले. ताईंनी स्वतः स्टिअरिंग हलवून बघितले आणि "आत्ता कसं!" म्हणाल्या. आतोबा गाडी हळूहळू चालवत शेडपर्यंत घेऊन आले. ताई आणि मी मागे, रिकाम्या डब्यांच्या क्रेटमध्ये पाय घालून. दारात गाडी थांबली आणि किती आठवड्यांनी ती हाक ऐकू आली.

"अगं ए, चल."

आत्या पिशवी घेऊन बाहेर आली. पुढे बसली. ताई मला हळूच म्हणाल्या, "ह्या कोण? ह्या बी मेकॅनिक हायेत काय?" मी म्हणालो, "सगळ्यात वरच्या." चौकापर्यंत, तिथून वळसा, खड्ड्यांच्या रस्त्याने मागे. वर्षभर राहिलेली ती चक्कर झाली. वळणावर कसलाही आवाज आला नाही. वाटेत मेथी घेतली. आत्याने त्यातली एक जुडी ताईंना दिली.

फाटलेल्या चकतीचे आतोबांनी छिन्नीने दोन तुकडे केले. नेहमीप्रमाणेच, पण घाव जरा जोरात बसला. उरलेल्या कन्व्हेयर पट्ट्याची त्यांनी पायपुसणी केली. आमच्या गल्लीत आता पायपुसणे नाही असे एकही दार उरलेले नाही, आणि ती सगळी बहुधा आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त टिकतील. धुळीच्या टोप्या ते अजून बनवतात, कारण त्या गेल्या तर फक्त धूळच आत जाते, पण तसल्या कामाला चक्कर लागत नाही. बाकीच्यांना ते चाचांकडे पाठवतात. चाचा आता त्यांना चहा पाजतात आणि वर म्हणतात, "भाऊ, तुम्ही आजारीच राहा." कॅलेंडरवर पुन्हा एकादशी दिसायला लागली आहे. आत्या भाजीला रिक्षाने जाते. बसायच्या आधी ती रिक्षाचे हँडल धरून एकदा हलवते. रिक्षावाले ओरडतात. तिला त्याचे काही वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी गाडी घेतली. घराण्यातली पहिली. पेढे घेऊन आधी तळवड्याला गेलो. आतोबांनी खिडकीतून हात घातला, स्टिअरिंग हलवले, पुन्हा हलवले, कान लावून ऐकले. एक बोटही प्ले नव्हता. त्यातले कपलिंग माझ्याच विभागातल्या मशीनवर पिळून निघालेल्या वाणाचे होते, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. "चांगलं हाय," ते म्हणाले. "करायला जागाच न्हाई ठिवली कुनाला."

मग ते स्वतःच मागच्या सीटवर जाऊन बसले. आत्या न विचारता पुढे बसली, पिशवी मांडीवर. मी चौकाच्या दिशेने निघालो. मला आरशात आतोबा दिसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक वळणाला ते हात नकळत थोडे फिरत होते.

"लई गप हाय रे गाडी," आत्या म्हणाली. "करमत न्हाई."

मी हसलो आणि मोकळा रस्ता बघून जरासा वेग वाढवला. मागून लगेच आवाज आला.

"हळू घे, इंजिनेर. ती बसलीय."